चासीला करवत लावू नका

जुन्या सामानातून मोटरसायकल उभी करायची असं मनानं घेतलं की बहुतेक जण पहिल्यांदा टाकी विकत घेतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी फेरी मारताना जमिनीवर मांडलेल्या पान्ह्यांच्या आणि बंद घड्याळांच्या गर्दीत एखादी टाकी दिसते, तिच्या गोलाईवरून हात फिरतो आणि तेवढ्यावर अख्खी गाडी डोळ्यांपुढे उभी राहते. माझीही पहिली खरेदी टाकीच होती. मग तिला शोभेल असं हँडल घेतलं, हेडलाइटची जुनी डबी घेतली. सात-आठ महिन्यांनी चासी मिळाली, तेव्हा कळलं की टाकीच्या पोटातली खाच चासीच्या वरच्या नळीवर बसतच नाही. बसवण्यासाठी टाकी कापली, कापलेली टाकी गळायला लागली, शेवटी दुसरी घ्यावी लागली. तेवढ्या पैशात दोन्ही चाकांची बेअरिंग, ब्रेकचे लायनर आणि सगळ्या केबल नव्या आल्या असत्या.

म्हणून इथे क्रम वेगळा सांगतो आहे. आधी कागद, मग चासी, मग इंजिन, चाकं, ब्रेक, वायरिंग. डोळ्यांत भरणारं रूप सगळ्यांत शेवटी.

उदाहरणासाठी मी बिडाच्या इंजिनाची ३५० सीसी बुलेट धरली आहे. मद्रासला एन्फील्ड इंडिया १९५५ मध्ये सुरू झाली. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, बिडाचं सिलिंडर असं ३४६ सीसीचं इंजिन पुढची पन्नासेक वर्षं मूळ रचना न बदलता बनत राहिलं. बारीकसारीक फेरफार झाले, पण एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला बसण्याची शक्यता इतर जुन्या गाड्यांपेक्षा बरीच जास्त. नवे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात, बुश आणि पिना कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून मिळतात, आणि तालुक्याच्या गावीही असा एखादा मिस्त्री सापडतो ज्यानं डोळे मिटून बुलेटचा गिअरबॉक्स जोडावा. तुमच्या मनात राजदूत, यझदी किंवा आरएक्स १०० असेल तरी क्रम हाच राहील, मापं तेवढी बदलतील.

कागद

आपल्याकडे रस्त्यावर येणाऱ्या मोटरसायकलच्या मॉडेलला आधी तपासणी संस्थेची मंजुरी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यातली एक संस्था. ही मंजुरी कंपनी घेते आणि ती त्या संपूर्ण मॉडेलला लागू होते. घरामागच्या शेडमध्ये नळ्या वाकवून केलेल्या एकट्या-दुकट्या चासीसाठी हा सोपस्कार सामान्य माणसाच्या आवाक्यातला नाही. म्हणजे शून्यातून गाडी बनवून तिला नंबर मिळवण्याचा रस्ता आपल्याला जवळजवळ बंद आहे. उरतो एकच मार्ग: पूर्वीच पासिंग झालेली, जिवंत आरसी असलेली चासी घ्यायची आणि तिच्याभोवती गाडी जुळवायची. कायद्याच्या नजरेत गाडी म्हणजे ती चासी. बाकीचं सगळं तिला लावलेलं सामान.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मुळात जे दिलं आणि आरसीवर जे नोंदलं गेलं, त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. केरळ उच्च न्यायालयानं काही बदलांना मोकळीक दिली होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती काढून घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. नियमबाह्य बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच मॉडेलचं, त्याच बनावटीचं दुसरं इंजिन बसवता येतं, पण आरटीओची परवानगी घेऊन आणि आरसीवर नवा नंबर चढवून. रंगही आरसीवर असतो. काळी गाडी हिरवी करणार असाल तर तीही नोंद बदलून घ्या. एखाद्या बदलाबद्दल शंका असेल तर तो करण्याआधी आरटीओत लेखी अर्ज देऊन विचारा. एजंटाच्या ‘चालतंय हो’वर पैसे लावू नका.

यातून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे आणि तो तुम्हीही पाळावा असं मला मनापासून वाटतं. चासीला करवत, ग्राइंडर किंवा वेल्डिंगचा दांडा लावायचा नाही. जे बोल्टनं निघतं आणि बोल्टनं बसतं, तेवढ्यातच कलाकुसर करायची. सीट, हँडल, मडगार्डची धाटणी, टाकी, लाइट, फुटरेस्ट, रंग यांत इतकी जागा आहे की दोन बुलेटी एकमेकींच्या बहिणी वाटणार नाहीत. आणि उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची वेळ आली, तर एका रविवारी ती आणता येते. त्यासाठी काढलेलं मूळ सामान विकू नका. गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवा.

चासी बघायला जाल तेव्हा आरसीची प्रत, विजेरी, पातळ कागद आणि पेन्सिल बरोबर न्या. चासीवरच्या आणि क्रँककेसवरच्या नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा. आकडे आरसीशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. नंबराच्या आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील, आकडे कमी-जास्त उंचीचे दिसत असतील, भोवतालचा पत्रा बाकीच्यापेक्षा गुळगुळीत असेल, तर किंमत कितीही कमी असो, तिथून परत या. सरकारी नोंदीत गाडी कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, नोंदणीची मुदत कधी संपते, हे परिवहनच्या अ‍ॅपवर बघून घ्या. बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी. पंधरा वर्षं उलटून गेली असतील तर फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. अधिकृत स्क्रॅप केंद्रात जमा झालेल्या गाडीची नोंदणी रद्द होते. तिची चासी कोणी विकत असेल तर ती लोखंडाच्या भावानंही तुमच्या कामाची नाही. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्या माणसाला ‘मग पैसेही नंतर देतो’ एवढंच उत्तर द्या.

चासी

कागद जुळले की लोखंड बघायचं. चासी धुऊन घ्या, माती आणि ग्रीस खरवडून काढा. तडा कुठे जातो ते ठरलेलं असतं: हँडलच्या गळ्यापाशी जिथे नळ्या एकत्र येतात तिथे, इंजिन जिथे लटकतं त्या कानांपाशी, आणि मागचं चाक धरणारा चिमटा जिथे फिरतो त्या पिनेच्या दोन्ही अंगांना. डोळ्यांना न दिसणारा तडा शोधायची एक जुनी पद्धत आहे. त्या जागी रॉकेल फासा, दहा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्यानं लख्ख पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटते. गळ्यापाशी अशी रेघ दिसली तर ती चासी सोडा. तिथलं वेल्डिंग सामान्य गॅरेजचं काम नाही, आणि तिथे तुटलेली चासी माणसाला रस्त्यावर तोंडावर टाकते.

सरळपणा तपासायला सुतळी पुरते. चाकं बसवून मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून पुढच्या चाकापर्यंत न्या. पुढचं चाक सरळ धरल्यावर दोन्हीकडची फट सारखी दिसली पाहिजे. नसेल तर आधी चिमट्याचे बुश आणि चेनचे अ‍ॅडजस्टर बघा. बरेचदा दोष तिथेच असतो आणि स्वस्तात निघतो. फोर्कच्या नळ्या बाहेर काढून जाड काचेवर लोळवा. वाकलेली नळी गडगडताना उडी मारते.

इंग्लंडमधली एक गोष्ट इथे सांगतो, कारण चासी आणि इंजिन यांतलं थोरपण कोणाचं हे तिच्यातून कळतं. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी नॉर्टन कंपनीसाठी घडवलेली ‘फेदरबेड’ चासी १९५० मध्ये शर्यतीत उतरली आणि वळणावर तिला तोड राहिली नाही. त्याच सुमारास छोट्या ५०० सीसी रेसिंग मोटारींना नॉर्टनचं इंजिन हवं असायचं, पण कंपनी सुटं इंजिन विकत नव्हती. मग मोटारवाले अख्खी मोटरसायकल घ्यायचे, इंजिन काढून मोटारीत घालायचे आणि चासी उरायची. या उरलेल्या चासींमध्ये मोटरसायकलवाल्यांनी ट्रायम्फची दोन सिलिंडरची इंजिनं बसवली. त्या जोडगाडीला ‘ट्रायटन’ म्हणू लागले. कॅफे रेसर म्हणून आज आपल्याकडे जी धाटणी पोरं मागतात, तिच्या मुळाशी अशा उरल्यासुरल्या सामानाच्या गाड्या आहेत. ट्रायटन ज्यांनी जोडल्या त्यांनी चासी कापून बुटकी केली नाही, कारण तिची भूमिती हेच तर तिचं मोल होतं.

ही भूमिती बुलेटलाही आहे. मागचे शॉकअप छोटे लावून गाडी खाली बसवली की हँडलचा गळा मागे कलतो, हँडल जड होतं, वळणावर सायलेन्सर आणि स्टँड रस्त्याला घासतात. उंच हँडल लावलं की वाऱ्याचा सगळा जोर छातीवर येतो आणि दोनशे किलोमीटरनंतर पाठ बोलू लागते. म्हणून रूप ठरवताना गाडीवर प्रत्यक्ष बसा. हात, कंबर आणि पाय कुठे येतात ते दुसऱ्याला बघायला सांगा आणि फोटो काढून घ्या. तुमची उंची आणि तुमचा रोजचा रस्ता मासिकातल्या फोटोला माहीत नसतो.

जुनं काय, नवं काय

सुटे भाग गोळा करण्यापेक्षा शक्य असेल तर एक अख्खी, पडून असलेली गाडी घ्या. बंद पडलेल्या गाडीत निदान एकमेकांना ओळखणारे भाग असतात. वॉशर, स्पेसर, पिना जागच्या जागी असतात. या किरकोळ वस्तूच पुढे सगळ्यांत जास्त वेळ खातात. बुलेटवर इंग्रजी मापाचे आणि मेट्रिक असे दोन्ही आटे सापडतात. चुकीचा बोल्ट चार फेरे गोड बसतो आणि पाचव्याला आटे खाऊन टाकतो. गाडी खोलताना प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घाला, पिशवीवर जागा लिहा आणि खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मी हे तोंडपाठ राहील असं समजून सोडलं होतं. मागच्या चाकाचा एक स्पेसर कुठला हे ठरवण्यात माझा अख्खा शनिवार गेला.

जुनं चालतं ते असं: चासी, फोर्कची टी, हब, क्रँककेस, गिअरबॉक्सचं खोकं, जाड पत्र्याचे मडगार्ड, टाकी, हेडलाइटची डबी. पूर्वीचा पत्रा जाड होता. ठोकून सरळ होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. जुनं अजिबात चालणार नाही ते असं: टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर, सगळ्या केबल, चाकांची बेअरिंग, कोन सेट, ऑइल सील, पेट्रोलची नळी. टायर कोणी ‘नवाच आहे, फक्त पडून होता’ म्हणून देत असेल तर त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. रबर पडून राहूनही म्हातारं होतं.

जुने ब्रेक उघडताना आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरचा झोतही मारू नका. पूर्वीच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

इंजिन

इंजिन घेताना प्लग काढून किक हळूहळू दाबा. मोकळं फिरतं का, कुठे अडतं का, आतून कसा आवाज येतो हे ऐका. मग प्लग लावून दाबा; पायाला दाब लागला पाहिजे आणि थोडा वेळ टिकला पाहिजे. पण खरी तब्येत सिलिंडर उचलल्याशिवाय कळत नाही. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली खेचा. बाजूला थोडी हालते, ते ठीक. वर-खाली जाणवण्याइतकी हालली, तर क्रँक उघडावाच लागेल.

या इंजिनात बिग एंडला रोलरऐवजी तरंगता बुश असतो. त्याला स्वच्छ ऑइलचा अखंड पुरवठा लागतो. गाळ गेला की तो खराब होतो. जुन्या बुलेटचं ऑइल क्रँककेसच्याच पोटातल्या कप्प्यात राहतं आणि त्या कप्प्याच्या तळाशी वर्षांचा चिखल साठलेला असतो. इंजिन जोडण्याआधी तो कप्पा, ऑइलच्या सगळ्या वाटा आणि पंपाच्या जागा रॉकेलनं धुऊन, हवा मारून मोकळ्या करा. या एका कामाला अर्धा दिवस द्या. बाहेरून कोणाला दिसणार नाही, पण इंजिनाचं आयुष्य इथेच ठरतं.

क्रँककेसचे दोन अर्धे एकाच इंजिनाचे हवेत, कारण त्यांतली बेअरिंगची घरं एकत्र बोअर केलेली असतात. डावा एका गाडीचा आणि उजवा दुसऱ्या गाडीचा घेतला, तर क्रँक कधीच मोकळा फिरणार नाही. शिवाय इंजिन नंबर क्रँककेसवरच असतो. तेव्हा कागदावर असलेली क्रँककेस सांभाळा, तिचे गेलेले आटे हेलिकॉइल घालून दुरुस्त करा आणि आतलं सामान बदला.

सिलिंडर घासला असेल तर पुढच्या मापाचा पिस्टन आधी हातात घ्या आणि मग लेथवाल्याकडे जा. पिस्टन बघून बोअर मारायचा असतो. ‘वीस मारून ठेवा, पिस्टन आणतो’ असं सांगितलं की फट चुकते आणि गाडी घाटात धरते. व्हॉल्व्ह लॅपिंग झालं की हेड उलटं ठेवून त्यात पेट्रोल ओता. पंधरा मिनिटांत पोर्टमध्ये ओल आली तर पुन्हा लॅपिंग.

टॅपेट इंजिन थंड असतानाच लावायचे. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पुशरॉड दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे आणि वर-खाली मात्र हलता कामा नये. पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेजनं मोजून. इग्निशन पूर्ण मागे धरून पिस्टन सर्वांत वरच्या जागेपासून ०.८ मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडायला हवा. पॉइंटमध्ये पातळ कागदाची पट्टी धरा. ती सुटते तो क्षण म्हणजे पॉइंट उघडला. गिअरबॉक्सबद्दल एकच सांगतो: जुन्या चार गिअरच्या बुलेटच्या गिअरबॉक्समध्ये पातळ ग्रीस असायचं. नुसतं ऑइल भरलं तर ते सगळीकडून झिरपतं आणि मालक उगाच सील बदलत बसतो.

चाकं आणि ब्रेक

मला विचाराल तर खर्चाचा मोठा वाटा इथे घाला. रिम गंजून आतून खड्डे पडले असतील तर बदला. १९ इंची रिमला ४० तारा असतात. तारा भरून चाकाचा आउट काढणं हे जाणत्याचं काम आहे. जवळच्या बाजारपेठेत सायकल-मोटरसायकलची चाकं बांधणारा एखादा म्हातारा कारागीर शोधा आणि चाक त्याच्यासमोरच फिरवून बघा. ड्रमला आतून खोबणी पडली असेल तर लेथवर हलका हात मारून घ्या आणि लायनर त्या ड्रमच्या गोलाईला घासून बसवा. नवे लायनर घातल्याबरोबर ब्रेक कडक लागत नसेल तर ते ड्रमला मध्ये किंवा टोकालाच टेकत असतात.

पुढच्या सात इंची ड्रमला दोन लिव्हर असतात आणि त्यांना जोडणारी एक छोटी दांडी. दोन्ही शू एकाच वेळी टेकतील अशी ती दांडी लावणं हे या ब्रेकचं मर्म आहे. अनेक गॅरेजात केबल तेवढी ताणतात आणि दांडीला हात लावत नाहीत. मग अर्धा ब्रेक काम करतो आणि दोष बुलेटला मिळतो. दांडी एका बाजूनं सोडवा, दोन्ही लिव्हर हातानं दाबून शू टेकवा, दांडीची लांबी त्या अंतराला जुळवा आणि पुन्हा जोडा. दहा मिनिटांचं काम आहे.

पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. चेन आणि स्प्रॉकेट बदलायचे तर सगळे एकदम.

वायरिंग

जुनी वायरिंग तुकडे जोडून वापरू नका. बारा व्होल्टवर ६० वॉटचा हेडलाइट ५ अँपिअर ओढतो. त्यात हॉर्न, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर आले की सडलेली वायर तापते आणि आग सीटखाली लागते. बॅटरीपासून एका हाताच्या आत फ्यूज लावा. वायर जिथे हँडलच्या गळ्याशी वळते तिथे थोडी ढील सोडा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती ताणत नाही ना ते बघा. बुलेटचे निम्म्याहून अधिक विजेचे आजार अर्थिंगचे असतात. अर्थची वायर जिथे चासीला बसते तिथला रंग खरवडून धातू उघडा करा, जाड वायर लावा आणि वर ग्रीस चोपडा. कुठला रंग कुठे गेला याचा नकाशा वहीत काढून ठेवा. रात्री घाटात बंद पडलात तर तोच उपयोगी येतो.

जोडायचं दोनदा

रंगाआधी संपूर्ण गाडी एकदा कोरडी जोडायची. इंजिन, टाकी, सीट, मडगार्ड, सायलेन्सर, नंबरप्लेट, आरसे, सगळं. कुठे काय घासतं, कुठला बोल्ट लावायला पान्हा शिरत नाही, मागचा टायर शॉकअप पूर्ण दबल्यावर मडगार्डला लागतो का, हे आत्ता कळलं तर एक वॉशर पुरतो; रंगानंतर कळलं तर रंग जातो. याच वेळी नियमांचीही पाहणी करा. मागे बसणाऱ्यासाठी धरायची सोय, पायाला फुटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं गार्ड लागतं. मागचं मडगार्ड अर्ध्यावर तोडलेल्या गाड्या फोटोत देखण्या दिसतात, पण पावसाळ्यात मागच्याच्या पाठीवर चिखलाची रेघ ओढतात आणि ओढणी आत खेचतात. सायलेन्सर पोकळ करू नका. शाळा आणि दवाखान्यांवरून रोज जाणाऱ्या रस्त्यावर त्या आवाजाचा त्रास इतरांना होतो, आणि पोलीस असे सायलेन्सर रोलरखाली घालतात ते रास्तच आहे.

मग सगळं पुन्हा खोलायचं. चासी पावडर कोटिंगला देताना आटे, बेअरिंगच्या जागा, अर्थिंगचे कान आणि मुख्य म्हणजे चासी नंबर झाकून घ्यायला सांगा, आणि स्वतः उभे राहून बघा. रेतीचा मारा नंबर झिजवतो, जाड कोटिंग तो बुजवतं. दोन्हींचं उत्तर आरटीओच्या तपासणीत तुम्हालाच द्यावं लागेल. टाकीला डाग द्यायचा असेल तर ती कित्येकदा गरम पाण्यानं आणि साबणानं धुऊन, पाणी भरलेल्या अवस्थेतच, अनुभवी माणसाकडून करून घ्या. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ एका ठिणगीला पुरते. पत्र्यावर लांबीचे जाड थर देऊ नका. बुलेटच्या थरथरीनं ते वर्षभरात फुटतात. पत्रा ठोकून सरळ करणारा कारागीर महाग पडला तरी तोच घ्या.

पहिली किक

इंजिनात २०डब्ल्यू५० ऑइल भरा, प्लग काढून किक मारत राहा आणि हेडवर जाणाऱ्या ऑइलच्या नळीचा बोल्ट किंचित ढिला करून तिथे ऑइल पोचलंय का ते बघा. पोचल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. नंतर प्लग लावा, चावी फिरवा, किक हळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत न्या. डीकॉम्प्रेसर दाबून किक अगदी थोडी पुढे सरकवा, सोडा, वर येऊ द्या आणि मग शरीराचा भार टाकून एकच सलग किक. घाईत मारलेली बुलेटची किक घोट्याला परत येते.

पहिले ५०० किलोमीटर चाळीस-पन्नासच्या आत, पण एकाच वेगानं नाही. थ्रॉटल कमी-जास्त करत राहा, चढावर इंजिनाला ओढू देऊ नका. पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबून हात लावून बघा: ब्रेकचे ड्रम तापलेत का, बेअरिंग तापलंय का. गाडी पूर्ण थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा बघा. ५०० ला ऑइल बदला आणि जुनं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून त्यात चकाकी दिसते का ते उन्हात बघा.

प्रत्येक महत्त्वाच्या नटावर घट्ट केल्यानंतर रंगाची एक बारीक रेघ ओढा, निम्मी नटावर आणि निम्मी शेजारच्या धातूवर. रोज सकाळी बघा; रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरला आहे. आणि रात्री गाडी उभी करताना खाली एक मोठा पुठ्ठा टाका. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकाची जागा पेन्सिलीनं आखा, तारीख लिहा. सकाळी पडलेला प्रत्येक थेंब कुठल्या जोडाखाली आहे ते त्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी नवा पुठ्ठा टाका.